पोलादी टूरिंग सायकल : पहिल्या दोनशे किलोमीटरचा धडा

आरोग्य आणि अर्थ

आपल्या मंडळातील घरांच्या बाल्कन्यांवर नजर टाकली, तर बऱ्याच ठिकाणी भिंतीला टेकून उभी असलेली एक सायकल दिसते. चाकांत हवा नाही, सीटवर धूळ बसलेली आणि हँडलवर टॉवेल वाळत घातलेला. ही सायकल मोडलेली नसते. घेतल्यानंतरच्या पहिल्या आठवड्यात "फार जड आहे", "बैठक दुखते", "पाठ धरते" असे शेरे मिळून ती बाजूला पडलेली असते. खरेदीचे पैसे आणि डॉक्टरांनी सांगितलेला व्यायाम, दोन्ही एकदमच बुडीत खाती जमा होतात. चाळिशीपुढच्या आपल्या सभासदांपैकी किती जणांच्या घरी साखरेच्या गोळ्या आहेत हे पाहिले, म्हणजे यातला दुसरा तोटा अधिक मोठा आहे हे सांगायला नको.

पहिल्या काही दिवसांत सायकल कशी वाटते, आणि त्या वाटण्याला किती किंमत द्यायची, हा या लेखाचा विषय आहे. उदाहरण घेतले आहे पोलादी टूरिंग सायकलीचे, कारण पहिल्या भेटीत सर्वांत जास्त गैरसमज हीच सायकल करून देते. लेखातील निरीक्षणे मत्रहच्या कॉर्निशवर आणि आसपासच्या रस्त्यांवर नव्या सायकलीचे पहिले दोनशे किलोमीटर करताना वहीत टिपलेली आहेत.

त्या वहीतून निघालेला मुख्य धडा असा. नव्या सायकलीवर होणारी प्रत्येक जाणीव तीनपैकी एका खात्यात मांडावी : (१) सायकलीचा मूळ स्वभाव, (२) सायकलीची जुळणी, (३) आपले स्वतःचे शरीर. पहिल्या खात्यातली गोष्ट बदलत नाही, ती समजून घ्यावी लागते. दुसऱ्या खात्यातली गोष्ट पाना हातात घेऊन दहा मिनिटांत सुधारते. तिसऱ्या खात्यातली गोष्ट चार ते सहा आठवड्यांत आपोआप सुधारते, मात्र तिच्यातले काही संकेत गंभीर असतात आणि ते ओळखता आले पाहिजेत. एका खात्यातली रक्कम दुसऱ्यात लिहिली की हिशेब चुकतो आणि सायकल बाल्कनीत जाते.

टूरिंग सायकल म्हणजे कोणती?

सामान लादून लांबचा प्रवास करण्यासाठी बांधलेली ती टूरिंग सायकल. तिची फ्रेम लांब असते. मागच्या कॅरिअरला पिशव्या अडकवल्यावर टाचा त्यांना लागू नयेत म्हणून मागचे चाक पायडलपासून दूर ठेवलेले असते. टायर शर्यतीच्या सायकलीपेक्षा रुंद, बहुधा ३५ ते ४० मिलिमीटरचे. चाकांना स्पोक जास्त, अनेकदा ३६. मडगार्ड आणि कॅरिअर बसवायला फ्रेमवरच भोके दिलेली. गिअर मात्र अगदी हलक्यापर्यंत खाली जाणारे. फ्रेमचे पोलाद बहुतेक वेळा क्रोमियम आणि मॉलिब्डेनम मिसळलेले असते, ज्याला बाजारात 'क्रोमोली' म्हणतात.

आपल्या पिढीला हा प्रकार वाटतो तितका परका नाही. महाराष्ट्रात दुधाचे कॅन, पोस्टाच्या पिशव्या आणि डबलसीट माणसे वाहणारी काळी सायकल आठवा. लांब फ्रेम, मोठी चाके, सरळ रेषेत शांतपणे चालण्याचा गुण, आणि वजन वीस किलोच्या घरात. टूरिंग सायकल ही तिचीच शिकलेली, अंगाने सुटसुटीत झालेली आणि गिअर मिळालेली बहीण समजावी.

पहिले खाते : सायकलीचा स्वभाव

वहीतली पहिल्या दिवसाची नोंद अशी आहे : "सायकल म्हशीसारखी. निघायला वेळ लावते, वळायला वेळ लावते." नोंद खरी आहे, पण तो दोष नाही. दोन चाकांमधले अंतर जास्त असले की सायकल हँडलच्या लहान हालचालीला चटकन उत्तर देत नाही. रिकामी असताना हे सुस्त वाटते. तीच सायकल मागे दहा किलो सामान लावून चालवली, किंवा रियामच्या वळणावर समुद्राकडून वाऱ्याचा झोत आला, की या सुस्तीचे नाव स्थैर्य होते. सामान वाहण्यासाठी केलेली जाड नळीची फ्रेम रिकामी चालवून तिच्याबद्दल मत बनवणे म्हणजे रिकाम्या बैलगाडीच्या खडखडाटावरून गाडीची परीक्षा करण्यासारखे आहे. म्हणून पहिल्या आठवड्यातच एकदा भाजीचे सामान लादून फेरी मारावी.

दुसरा शेरा असतो वजनाचा. दुकानात एका हाताने सायकल उचलून पाहण्याची आपल्याला सवय असते. त्या वजनाचा रस्त्यावर किती परिणाम होतो हे गणिताने पाहू. चालवणारा ७० किलोचा, सायकल १५ किलोची, पाणी, कुलूप आणि इतर सामान ५ किलोचे. एकूण ९० किलो. अॅल्युमिनियमची फ्रेम घेतली असती तर साधारण एक किलो वाचला असता. चढावर लागणारी शक्ती मुख्यतः एकूण वजनावर अवलंबून असते, आणि ९० मध्ये एक म्हणजे शेकडा सव्वा टक्क्याहूनही कमी. दहा मिनिटांचा चढ असेल तर फरक पडतो सहा-सात सेकंदांचा. तेवढ्यासाठी जास्त पैसे मोजण्याआधी आपले पोट तराजूत घालून पाहावे. तिथे तीन-चार किलो फुकट कमी होण्याची सोय बहुतेकांकडे आहे.

चढावर खरा फरक पडतो तो गिअरने. जुन्या काळ्या सायकलीला पुढे ४४ आणि मागे १८ दाते धरले, तर पायडलच्या एका फेऱ्यात ती सुमारे ५ मीटर ४० सेंटीमीटर पुढे जाते. टूरिंग सायकलीला पुढच्या लहान चाकाला २६ आणि मागच्या मोठ्या चाकाला ३४ दाते असतील, तर एका फेऱ्यात ती जेमतेम १ मीटर ७० सेंटीमीटर जाते. आता ताशी ८ किलोमीटर वेगाने चढ चढायचा आहे असे समजा. काळ्या सायकलीवर मिनिटाला फक्त २५ फेरे होतात आणि प्रत्येक फेऱ्याला गुडघ्यावर सगळा भार येतो. टूरिंगवर त्याच वेगाला ८० फेरे होतात. श्रम तेवढेच, पण ते लहान लहान हप्त्यांत वाटले जातात. कर्जाचा हप्ता लहान असला की घर चालते, तसे इथे गुडघे चालतात. मिनिटाला ७० ते ८० फेरे राहतील असा गिअर निवडावा. सुरुवातीला पाय उगाचच भराभर फिरताहेत असे वाटते. ते वाटणे दहा दिवसांत जाते.

तिसरी जाणीव म्हणजे पोलादाची 'मऊ चाल'. पोलादी सायकल अंगाला सुखाची असते असे जाणकार सांगतात. यात तथ्य आहे, पण ऐकतो तेवढे नाही. फ्रेमचा त्रिकोण खालून-वर फारसा लवचीक नसतो. रस्त्याचे धक्के मुख्यतः टायर, त्यातली हवा, सीट आणि काही अंशी पुढचा फोर्क गिळतात. पोलादाचा खरा गुण आयुष्याचा आहे. पोलादाला एक ठरावीक मर्यादा असते. तिच्याखालचा ताण लाखो वेळा बसला तरी धातू थकत नाही. अॅल्युमिनियमला अशी मर्यादा नसते. प्रत्येक ताण कुठेतरी लिहून ठेवला जातो, म्हणून त्या फ्रेम जाड नळीच्या करून ताण कमी ठेवतात. शिवाय पोलाद तुटण्याआधी बहुधा वाकते किंवा तडा दाखवते. म्हणूनच चांगली राखलेली पोलादी फ्रेम वडिलांकडून मुलाकडे जाऊ शकते.

पोलादी सायकलीवर माणूस किती लांब जाऊ शकतो याचे उदाहरण आपल्या मुंबईचेच आहे. १९२३ च्या ऑक्टोबरात मुंबईहून काही पारशी तरुण सायकलीवर जगप्रदक्षिणेला निघाले. त्यांपैकी अदी हकीम, जाल बापासोला आणि रुस्तम भूमगरा हे तिघे इराण, इराकची वाळवंटे ओलांडून, साऱ्या पृथ्वीला वळसा घालून १९२८ च्या मार्चमध्ये परतले. त्यांच्या सायकली आजच्या कोणत्याही टूरिंग सायकलीपेक्षा ओबडधोबडच होत्या.

दुसरे खाते : जुळणी

पहिल्या आठवड्यातल्या दहापैकी सात तक्रारी या खात्यातल्या असतात. त्या सायकलीच्या नावावर लिहू नयेत.

*सीटची उंची.* दोन्ही पाय जमिनीवर पूर्ण टेकतील अशी सीट ठेवण्याची आपली जुनी सवय असते. अशी सीट फार खाली होते, गुडघा जास्त दुमडतो आणि आठवड्यात गुडघ्याच्या वाटीपुढे दुखू लागते. 'उतावळा नवरा गुडघ्याला बाशिंग' या म्हणीतले बाशिंग इथे क्रेप बँडेजचे होते. सोपी परीक्षा अशी : कुणाला तरी सायकल धरायला सांगून सीटवर बसावे, टाच पायडलवर ठेवावी आणि पायडल अगदी खाली न्यावे. गुडघा नेमका सरळ झाला पाहिजे. मग नेहमीप्रमाणे चवडा पायडलवर ठेवला की गुडघ्यात हवी तेवढी घडी राहते. कंबर दोन्ही बाजूंना डुलू लागली तर सीट जास्त वर गेली आहे. थांबताना सीटवरून पुढे उतरून पाय टेकावा. बसल्याबसल्या टेकण्याचा आग्रह सोडावा.

*हँडल.* तळहात बधिर होणे, करंगळीला मुंग्या येणे, मान आखडणे ही हँडल फार लांब किंवा फार खाली असल्याची लक्षणे आहेत. टूरिंग सायकलीचे हँडल सीटच्या पातळीला किंवा थोडे वर असले तरी काही बिघडत नाही. हँडल वाकडे असण्याचा फायदा म्हणजे हाताच्या तीन-चार जागा मिळतात. दर पाच मिनिटांनी हात बदलावेत.

*हवा.* टायरच्या बाजूला लिहिलेला आकडा ही कमाल मर्यादा असते, शिफारस नव्हे. ३७ मिलिमीटरच्या टायरला ७० किलोच्या माणसासाठी साधारण ५० पौंड मागे आणि त्याहून थोडी कमी पुढे एवढी हवा पुरते. पहिल्या दिवशी "सायकल हाडे खिळखिळी करते" असा शेरा पडला होता. हवा १५ पौंड कमी केल्यावर तो शेरा वहीतून कायमचा गेला.

*ब्रेक.* भारतात उजव्या हाताला पुढचा ब्रेक असतो. अमेरिकेतून आणि युरोपातल्या बऱ्याच देशांतून येणाऱ्या सायकलींना तो डाव्या हाताला असतो. नवी सायकल ताब्यात घेताच उभ्या उभ्या ढकलत एकेक ब्रेक दाबून कोणता कुठला ते पाहून ठेवावे. घाईच्या क्षणी हात जुन्या सवयीने चालतात.

*पहिले ओव्हरहॉलिंग.* पहिल्या दीड-दोनशे किलोमीटरमध्ये ब्रेकच्या आणि गिअरच्या केबल आपापल्या जागी बसतात व सैल पडतात, स्पोकचा ताण उतरतो, चाक किंचित आउट होते, क्रँकचे नट ढिले होतात. त्यामुळे गिअर कुरकुरू लागले तर घाबरू नये. महिन्याने सायकल दुकानात नेऊन केबल ताणून, चाकांचा आउट काढून, सगळे नट आवळून घ्यावेत. हा खर्च खरेदीच्या वेळीच धरून ठेवावा. अनेक दुकाने पहिली तपासणी फुकट करून देतात, तसे आधी विचारावे.

तिसरे खाते : आपले शरीर

बैठकीची दोन हाडे सीटवर टेकतात, तिथले दुखणे पहिल्या दोन आठवड्यांत जवळजवळ सर्वांना होते. एक दिवसाआड सायकल चालवली तर ते जाते. रुंद, लिबलिबीत सीट घेण्याचा मोह टाळावा. फार मऊ सीटमध्ये हाडे रुततात आणि मधल्या नाजूक भागावर दाब येतो. त्या भागात बधिरपणा येत असेल तर मात्र ते सोसण्याचे दुखणे नाही. सीटचे नाक किंचित खाली करावे, हँडल वर घ्यावे आणि तरीही बधिरपणा राहिला तर सीट बदलावी. स्त्रियांच्या बैठकीच्या हाडांतले अंतर बहुधा जास्त असते. त्यांनी नवऱ्याच्या सीटशी जुळवून घेण्याऐवजी स्वतःची सीट निवडावी. कातड्याची सीट अंगाला बसायला काही शे किलोमीटर घेते आणि इथल्या घामाने ती लवकर भिजते, म्हणून फेरीनंतर सावलीत वाळवावी.

धाप लागण्याचे मोजमाप सोपे आहे. चालवताना वाक्य बोलता आले पाहिजे, पण गाणे म्हणता येऊ नये. हा मध्यम श्रम. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२० च्या शिफारशीप्रमाणे प्रौढांनी आठवड्याला असे १५० ते ३०० मिनिटे श्रम करावेत. म्हणजे पन्नास मिनिटांच्या तीन फेऱ्यांत किमान हिशेब पुरा होतो. ताशी १६ ते १९ किलोमीटर वेगाने ७० किलोच्या माणसाचे तासाला सुमारे ४७५ किलोकॅलरी खर्च होतात. परत येताना दोन वडे आणि गोड चहा घेतला तर त्यातला मोठा भाग लगेच परत येतो, हे वेगळे सांगायला नको.

भारतीय बांध्याला वजनाचे निकष अधिक कडक लावतात. पोटाचा घेर पुरुषांत ९० आणि स्त्रियांत ८० सेंटीमीटरच्या वर गेला की मधुमेह व हृदयविकाराचा धोका वाढला असे धरतात. नव्या सायकलीची प्रगती वजनाच्या काट्यापेक्षा या टेपने मोजावी. पहिल्या दोन महिन्यांत वजन फारसे हलत नाही, पण घेर हलू शकतो.

मधुमेहाच्या सभासदांसाठी विशेष सूचना. इन्सुलिन किंवा साखर एकदम उतरवणाऱ्या काही गोळ्या चालू असतील, तर सुरुवात करण्यापूर्वी डॉक्टरांशी बोलावे. निघण्याआधी साखर तपासावी. ९० च्या खाली असेल तर काही खाऊनच निघावे. मांडीत इन्सुलिन टोचून लगेच सायकलीवर बसू नये, कारण चालत्या स्नायूतून ते लवकर रक्तात उतरते. खिशात ग्लुकोजच्या गोळ्या किंवा साखरेच्या पुड्या असाव्यात. हात थरथरणे, एकाएकी घाम, गोंधळल्यासारखे वाटणे ही साखर उतरल्याची लक्षणे. त्याच क्षणी थांबून साखर खावी. छातीवर दाब, तो जबड्यात किंवा हातात जाणे, नेहमीपेक्षा वेगळी धाप ही लक्षणे 'सवय होईल' या सदरात मोडत नाहीत. थांबावे आणि ९९९९ या क्रमांकावर मदत मागवावी. चाळिशीपुढे, घरात हृदयविकाराचा इतिहास असेल तर आधी तपासणी करून घ्यावी.

मत्रहमध्ये सायकल चालवताना

मत्रहच्या कॉर्निशचा सपाट रस्ता शिकण्यासाठी उत्तम आहे. मासळी बाजारापासून सूकच्या तोंडावरून, किल्ल्याखालून रियामच्या मोठ्या धूपदाणीपर्यंत जावे आणि परत यावे, असा पहिल्या आठवड्याचा बेत ठेवावा. मग कल्बूह ओलांडून जुन्या मस्कतच्या वेशीपर्यंत. वादी कबीरहून अल बुस्तानकडे जाणारा डोंगररस्ता गिअर हाताच्या सवयीचे झाल्यावर, म्हणजे महिन्यानंतर. फरसबंदी वाटेवर चालणाऱ्यांचा हक्क पहिला, हे विसरू नये.

इथे वाहतूक उजवीकडून चालते. आपण लहानपणापासून सायकलीच्या डाव्या बाजूने टांग मारतो, कारण चेन उजवीकडे असते. भारतात डावी बाजू फुटपाथची असल्याने ते सुरक्षित होते. इथे त्याच सवयीने आपण रस्त्याच्या मध्याकडील बाजूला उभे राहतो, आणि मागून गाडी येत असते. म्हणून चढताना-उतरताना सायकल फुटपाथवर घ्यावी. आरसा बसवायचा तर हँडलच्या डाव्या टोकाला बसवावा. हेल्मेट आणि मागचा लाल दिवा ही चैन नव्हे.

उन्हाळा हा इथला मोठा शत्रू. जूनमध्ये मस्कतचे दिवसाचे तापमान ४० अंशांच्या आसपास जाते आणि रात्रीही फारसे ३० च्या खाली येत नाही. उघड्यावर काम करणाऱ्यांना जून ते ऑगस्ट दुपारी साडेबारा ते साडेतीन विश्रांती देण्याचा ओमानमध्ये नियम आहे. आपण स्वखुशीने त्या वेळी बाहेर पडण्याचे कारण नाही. दमट हवेत घाम वाळत नाही, आणि घाम वाळला नाही तर शरीर थंड होत नाही. सायकल ऑक्टोबर ते एप्रिलपर्यंत नियमाने चालवावी, उन्हाळ्यात पहाटे अर्धा तास पुरे. तहान लागण्याची वाट न पाहता दर पंधरा मिनिटांनी चार घोट पाणी घ्यावे. (हृदय किंवा किडनीच्या विकारासाठी पाण्यावर मर्यादा असेल तर डॉक्टर सांगतील तेवढेच.) बोलणे असंबद्ध होणे, अंग तापणे, तोल जाणे हा उष्माघात, सावली, थंड पाणी अंगावर आणि ताबडतोब रुग्णालय. रमजानमध्ये दिवसा सार्वजनिक ठिकाणी पाणी पिता येत नाही, तेव्हा त्या महिन्यात फेरी पहाटेच्या अजानपूर्वी किंवा इफ्तारनंतर ठेवावी.

उन्हाचा परिणाम टायरवरही होतो. सकाळी २५ अंशांना ६० पौंड भरलेली हवा बंद गाडीत ६० अंशांना तापली की सुमारे ६९ पौंड होते. सायकल गाडीतून न्यायची असेल तर हवा थोडी सोडून न्यावी. रिमवर दाबणारे ब्रेक लांब उतारावर सतत धरून ठेवले तर रिमही तापते. ब्रेक दाबून-सोडून वापरावेत. २०१० पासून होणारी 'टूर ऑफ ओमान' ही शर्यत अनेकदा मत्रहच्या कॉर्निशवर संपली आहे. २०१५ साली तिचा एक टप्पा वाळूच्या वादळामुळे आणि उष्णतेमुळे रद्द करावा लागला, आणि उतारावर टायर फुटत असल्याचे शर्यतपटूंनी सांगितले होते. जिथे तरबेज लोक थांबले तिथे आपण थांबण्यात कमीपणा नाही.

आणि शेवटी गंज. समुद्राची खारी हवा हे पोलादाचे दुखणे. कॉर्निशवरून आल्यावर ओल्या फडक्याने, गोड्या पाण्याने फ्रेम पुसावी, मग कोरडी करावी. आठवड्यातून एकदा चेन पुसून तेलाचे थेंब द्यावेत, वरचे तेल पुसून टाकावे, नाहीतर त्यावर धूळ बसते. सीटचा दांडा बहुधा अॅल्युमिनियमचा असतो; पोलादी नळीत तो खाऱ्या दमट हवेने असा चिकटतो की पुढे करवतीनेच काढावा लागतो. वर्षातून दोनदा तो उपसून ग्रीस लावावे. नवी असतानाच नळ्यांच्या आतून गंजरोधक मेण किंवा उकळलेले जवसाचे तेल फिरवून घेतले तर उत्तमच. रंगाचा टवका उडाला की त्याच आठवड्यात रंग लावावा.

पैशाचा हिशेब

उदाहरणादाखल परदेशातून मागवलेली सायकल घेऊ. किंमत २५० रियाल आणि वाहतूक ५० रियाल, मिळून ३००. त्यावर ५ टक्के सीमाशुल्क १५ रियाल. त्यानंतर एप्रिल २०२१ पासून लागू झालेला ५ टक्के व्हॅट ३१५ वर, म्हणजे पावणेसोळा रियाल. एकूण सुमारे ३३० रियाल. देखभाल वर्षाला २० रियाल धरू. ऑक्टोबर ते एप्रिल तीस आठवडे, आठवड्याला तीन, म्हणजे वर्षाला ९० फेऱ्या.

पहिल्या आठवड्यात पाच फेऱ्या करून सायकल बाल्कनीत गेली, तर एक फेरी पडली ६६ रियालला. एक वर्ष चालवली तर सुमारे ३ रियाल ९०० बैसा. दहा वर्षे चालवली तर देखभालीसह ५९० बैसा. सायकल तीच, फरक केला तो चालू ठेवण्याने.

पेट्रोलच्या बचतीतून सायकल फुकट पडते हा भारतातला हिशेब इथे मांडू नये. २०२१ च्या अखेरीस सरकारने पेट्रोलच्या दरावर वरची मर्यादा घातली. लिटरला २३० बैसा आणि गाडीला शंभर किलोमीटरला ८ लिटर धरले, तर २० किलोमीटरच्या ९० फेऱ्यांचे पेट्रोल वाचते वर्षाला अवघे ३३ रियाल. देखभाल वजा जाता उरतात तेरा. तेव्हा खरी मिळकत आरोग्याची आहे, आणि ज्यांची दुसरी गाडी घेणे त्यामुळे टळेल त्यांना पैशाचीही. जिमची वर्षाची फी भरत असाल तर ती या हिशेबात स्वतः घालून पाहा.

खरेदीचे तीन नियम पाळावेत. एक, सायकल क्रेडिट कार्डाच्या व्याजावर घेऊ नये. दोन, अंदाजपत्रकातला सहावा हिस्सा हेल्मेट, दिवे, पंप, कुलूप आणि पहिल्या ओव्हरहॉलिंगसाठी राखून ठेवावा. तीन, करार संपून मायदेशी परतण्याचा विचार असेल तर साध्या, सर्वत्र मिळणाऱ्या मापाचे टायर आणि सुटे भाग असलेली सायकल निवडावी. पोलादी फ्रेमची दुरुस्ती भारतात सहज होते. मात्र क्रोमोलीची नळी पातळ असते, ती जाणत्या कारागिराकडेच द्यावी.

पहिल्या महिन्याची वही

एक साधी वही करावी. प्रत्येक फेरीनंतर चार गोष्टी लिहाव्यात : किती किलोमीटर, किती मिनिटे, काय खटकले, आणि ते तीनपैकी कोणत्या खात्यातले. जुळणीच्या खात्यातले त्याच दिवशी दुरुस्त करावे, पण एका वेळी एकच बदल करावा, नाहीतर कशाने गुण आला ते कळत नाही. बदल करण्यापूर्वी सीटच्या दांड्यावर चिकटपट्टीची खूण करून ठेवावी. शरीराच्या खात्यातल्या नोंदींवर दोन आठवडे निर्णय घेऊ नये. वर सांगितलेले धोक्याचे संकेत तेवढे अपवाद. स्वभावाच्या खात्यात जे उरेल, त्यावर महिन्याच्या शेवटी विचार करावा.

दोनशे किलोमीटरनंतर वही उघडली तेव्हा पहिल्या आठवड्यातल्या अकरा तक्रारींपैकी सहा जुळणीच्या निघाल्या, चार शरीराच्या, आणि सायकलीच्या स्वभावाची एकच उरली : ती निघायला वेळ लावते. त्याला औषध नाही आणि गरजही नाही. मत्रहहून सकाळी साडेपाचला निघायचे असेल, तर निघायला वेळ मुळात आपणच लावतो. बाल्कनीतल्या सायकलीच्या टायरमध्ये आज संध्याकाळीच हवा भरून ठेवावी. हवा टिकली तर उद्याची फेरी ठरली, नाही टिकली तर पंक्चर काढायचे काम ठरले.